पन्हाळा ते पावनखिंड, जोडीनं

इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, पण पावसाळ्यातली हौस तीच. जुलै लागला की तिथले नवराबायको सॅक पाठीला मारून पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघतात. मसाई पठारावर धुकं एवढं, की बायकोलाही आवाजावरूनच ओळखायचं. त्याच्या सॅकमध्ये ट्रायपॉड आणि पॉवर बँक. तिच्या सॅकमध्ये धपाटे, ठेचा, कोरडे मोजे आणि त्याचाही रेनकोट. "अहो, वाट हीच ना?" यावर तो मोबाईलला रेंज शोधतो. वाट शेवटी म्हसरं राखणारं पोरगं दाखवतं. मुक्कामाला पोचले की चिखलाचे बूट सोडायच्या आधी स्टेटस पडतं, 'आम्ही मावळे'! १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज याच वाटेनं निघाले, तेव्हाही पाऊस होताच. फक्त मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार होते.