टाकीनं पाणी काढं का?

नाना तुम्हाला माहीत आहेतच. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीला पपईच्या मोसमात ट्रक उभा राहिला, की हात मागे बांधून, मान चाकांकडे झुकवून ते शेजारी हजर. ड्रायव्हरनं चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत प्रश्न येतो, "टाकीनं पाणी काढं का भो?" वऱ्हाडाची लक्झरी आली तर तिच्या ड्रायव्हरला हळदीच्या मांडवात गाठून हेच विचारतात. एसटीचा ड्रायव्हर निसटला, तर कंडक्टरला विचारतात. स्कूटरवालाही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. स्कूटरची टाकी पेट्रोलची असते, हा खुलासा त्यांना सबब वाटतो. अशा माणसाला चुकवायला लोक लांबच्या रस्त्यानं जातात. माझं म्हणणं मात्र असं, की नाना हा एअर ब्रेकचाच एक भाग आहे. कंपनी तो बसवून देत नाही, म्हणून गावाला पुरवावा लागतो.

पुरावा टाकीतच सापडतो. जड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि सात-आठ बारच्या दाबानं टाकीत भरतो. दाबलेली हवा तापते, टाकीत निवते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी भाताच्या झाकणाला सुटावं तसं आतून पाझरतं. पावसाळ्यात तर फारच. हे पाणी साचलं की हवेला जागा कमी उरते, टाकी गंजते, व्हॉल्व्ह अडकतात. हिवाळ्यात माल घेऊन उत्तरेत गेलेल्या गाडीत ते पाइपात गोठूही शकतं. उपाय इतका साधा, की त्याला कुणी उपाय मानत नाही: टाकीखालचा कॉक रोज उघडायचा. पाण्याबरोबर तेल जास्त यायला लागलं, तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्याचा संशयही तिथंच येतो.  

यावर शिकलेला मालक म्हणतो, "नव्या गाडीला एअर ड्रायर आहे, नानांचा जमाना गेला." ड्रायर असतो हे खरं, पण त्यातला ओल शोषणारा मसाला कधीतरी भरतो आणि डबा बदलावा लागतो. तो भरल्याची पहिली वर्दी टाकीतलं पाणीच देतं, म्हणजे पुन्हा नाना आलेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हवा गेली तर ब्रेक आपोआप लागतात, मग भीती कसली? हवा गेली की गाडी थांबावी, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८७२ साली रेल्वेसाठी बसवलं. ट्रकमध्ये तेच काम बहुधा मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगा करतात. पण उतारावर सारखा ब्रेक दाबून ड्रम तापला, की तो फुगून लाइनरपासून दूर जातो. ब्रेक आधीच ढिले असतील, तर ब्रेक लावणाऱ्या दांड्याची चाल संपते. मग हवा ढकलो की स्प्रिंग, लाइनर टेकतच नाही. धार जिल्ह्यातला गणपती घाट ब्रेक फेल होण्यासाठीच बदनाम झाला, आणि इंदूरहून खाली येणाऱ्या ट्रकला त्या उतारावर वेस्टिंगहाउसचं नाव घेऊन भागलं नाही. अशा उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावं लागतं आणि ब्रेक आदल्या दिवशीच आवळलेले असावे लागतात. तिसरा आक्षेप आरटीओच्या फिटनेसचा. ते प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा, पुढे वर्षातून एकदा घ्यायचं असतं. पाणी मात्र रोज साचतं.

नानांच्या बाजूनं बोलणं सोपं नाही. ते उत्तर ऐकत नाहीत, पटलं तरी मान हलवत नाहीत, आणि "काढलं" असं सांगितलं तर स्वतः वाकून बघतात. पण हे काम पूर्वी कुणाचं होतं, ते आठवावं. प्रत्येक ट्रकवर एक क्लीनर असे. टाकीचा कॉक उघडणं, चढावर चाकामागे दगड लावणं, हवा कुठं फुसफुसते ते कान लावून ऐकणं, ही त्याची कामं. भाडं परवडेना, तेव्हा मालकांनी सगळ्यात आधी त्यालाच कमी केलं. पगारी क्लीनर गाडीवरून उतरला आणि बिनपगारी नाना होऊन चौकात उभा राहिला. त्याला आपण वेळ न जाणारा म्हातारा म्हणतो.

नाना गप्प होतात ते एकाच वाहनासमोर. हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो, तेव्हा ते तोंड उघडत नाहीत. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, मग टाकी कुठली आणि पाणी कुठलं? जिथं विचारायलाच हवं, तिथं विचारण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. म्हणून ऊस उत्पादकांना आणि वाहतूकदारांना विनंती: येत्या गळीत हंगामाआधी ट्रॉल्यांना एअर ब्रेक बसवून घ्या. नानांना पाणी विचारायला आणखी दोन टाक्या मिळतील, एवढाच काय तो तोटा.