ओटीचे तांदूळ नागपुरातच ठेवा

मेलबर्न
रविवार

ती. आई व ती. बाबांस सा. न.

तुमचा व्हिसा आला. बाबा, शिक्का कुठे आहे म्हणून तुम्ही सारखे विचारून राहिले, तर शिक्का नाहीच. पासपोर्टवर व्हिसा चिकटवणं ऑस्ट्रेलियानं २०१५ पासून बंद केलंय. ईमेलनं आलेलं ते पत्र म्हणजेच व्हिसा. एजी ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला सही-शिक्क्याशिवायचा कागद म्हणजे रद्दी, हे मला कळतं. म्हणून खुशाल त्याच्या प्रती काढा, फाइल करा, पानांना क्रमांक घाला. फक्त सीताबर्डीवर नेऊन लॅमिनेट करू नका.

अर्ज भरताना मला जे शिकायला मिळालं ते तुमच्या संसाराविषयी होतं. ‘आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता?’ असा एक रकाना असतो. त्यात आईचं माहेरचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात लिहून बदललेलं नाव, आडनाव आधी की शेवटी याबद्दल पॅन कार्ड आणि पासपोर्ट यांच्यातलं भांडण, हे सगळं बसवलं. तिकडे बाबांची जन्मतारीख १ जून आणि मोठेकाकांचीही १ जूनच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अख्ख्या पिढीला त्याच दिवशी जन्माला घातलंय. तेव्हा बाबा, काउंटरवरच्या माणसानं विचारलं तर १ जूनच सांगायची. ‘खरा तर मी मारबतीच्या दिवशीचा’ हे पुराण त्याच्यापुढे लावू नका.

आता मुद्द्याचं, आणि हे आईसाठी. सिंगापूरला विमान बदललं की पुढच्या विमानात एक कार्ड हातात देतील. त्यावर एकाखाली एक प्रश्न आणि पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. अंडी, मांस, दूधदुभतं, फळं, भाज्या आणल्यात का? धान्य, बिया, गवतकाडी, जडीबुटी, लाकडाच्या वस्तू? बुटांना माती आहे का? आई, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. टीसीनं विचारू दे, पोलिसानं विचारू दे, नाहीतर आत्यानं, ‘पिशवीत काय गं?’ तुझं उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, असंच थोडंसं घरचं.’ ते थोडंसं मग हमालाला उचलत नाही.

इथे तसं म्हणू नकोस. सगळं ‘हो’. शंका आली तरी ‘हो’. ‘हो’वर खूण करून सामान पुढे केलं, तर फार तर वस्तू काढून घेतात, दंड करत नाहीत. ‘नाही’ म्हटलं आणि पिशवीत निघालं, तर दंड हजारो डॉलरांच्या घरात जाऊ शकतो. शिवाय २०१९ पासून पाहुण्याचा व्हिसा विमानतळावरच रद्द करण्याची सोयही त्यांनी करून ठेवली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिडनीला एका व्हिएतनामी बाईंच्या सामानात न सांगितलेलं कच्चं डुकराचं मांस आणि बरंच काही सापडलं, आणि त्यांना आल्या पावली परत धाडलं.

तुम्ही म्हणाल, कोण बघतंय? कुत्री बघतात. म्हणजे हुंगतात. वास आला की लॅब्रॅडॉर भुंकत नाही, चावत नाही, तुमच्या बॅगेजवळ येऊन शांतपणे बसतो. त्याच्या त्या बसण्याची किंमत फार असते. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत अंडं-सॉसेजचे दोन मफिन आणि हॅमचा एक क्रोसाँ होता. कार्डावर त्यानं ते लिहिलं नव्हतं. दंड झाला २,६६४ डॉलर. तो नाश्ता शोधणाऱ्या कुत्रीचं नाव झिंटा. बाबा, हसू नका, खरंच झिंटा!

आणि ‘आपल्यासारख्या साध्या माणसांनाच धरतात’ असंही म्हणायची सोय नाही. जॉनी डेप नावाचा हॉलिवूडचा नट २०१५ मध्ये खासगी विमानातून आला, तेव्हा बरोबर पिस्टल आणि बू नावाची दोन चिमुकली कुत्री होती, आणि कार्डावर त्यांचा पत्ता नव्हता. इथल्या शेतीमंत्र्यांनी जाहीर सांगितलं, कुत्री परत न्या, नाहीतर मारून टाकू. कुत्री तातडीनं विमानात बसून अमेरिकेला गेली. कार्ड त्याच्या बायकोनं भरलं होतं, म्हणून कोर्टात उभं तिला राहावं लागलं. पुढच्या वर्षी नवरा-बायकोनं कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. खूण एका चौकोनात करायची सोडून दुसऱ्यात केली, तेवढ्यापायी.

हे लोक एवढं कशाला घाबरतात, तर हात पोळलेले आहेत. इथून गाडीनं दीडएक तासावर विंचेल्सी म्हणून गाव आहे. तिथल्या टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थांनी १८५९ मध्ये शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून थोडे ससे मागवून सोडले. पुढे त्या सशांनी अख्खा खंड कुरतडला. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो ना, तो रोग या देशात १८७२ नंतर आलेला नाही. त्यांची सगळी गुरं-मेंढरं, मांसाचा न् दुधाचा व्यापार त्यावर उभा आहे. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढून रोगराई गावाबाहेर नेऊन जाळतो, हे लोक तिला विमानतळाच्या आत पाऊलच टाकू देत नाहीत.

तर यादी. तू फोनवर सांगितलेली यादी मी कागदावर उतरवली आणि पेन्सिलीनं खोडत बसले. संत्रा बर्फी, पेढे, बेसनाचे तुपातले लाडू: दूध आलं, म्हणजे लाळ्या-खुरकूत आला. खोडलं. काटोलची संत्री: ताजं फळ, विचारूच नकोस. भिवापुरी अख्खी मिरची, धणे, जिरे, तुरीची डाळ, तांदूळ: हेही नाही, कारण खापरा भुंगेरा. हा तिळाएवढा किडा धान्याच्या पोत्यात शिरला की अळी उपाशीपोटीही वर्षानुवर्षं दम धरून राहते. म्हणून २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून डाळ-तांदूळ, अख्ख्या मिरच्या आणायला बंदी घातली आहे. आई, ओटीतले तांदूळही तांदूळच. ती ओटी नागपुरातच भर, तांदूळ देव्हाऱ्यापुढे ठेव, माझ्यासाठी फक्त खण आण. ओटीतली खोबऱ्याची वाटीसुद्धा नको, ती तर नागपूरच्या विमानतळावरच काढतील. सुकं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही.

आणि डाळीचं दुःख करू नकोस. इथे डँडेनॉंगला आपल्या लोकांची दुकानंच दुकानं आहेत, तूर मिळते, पोहे मिळतात, कढीपत्तासुद्धा मिळतो. गंमत म्हणजे मसूर याच राज्यातल्या विमेरा भागात पिकते आणि जहाजं भरून भारतात जाते. इतवारीतून तू पारखून घेतलेली मसूर इथलीच निघाली तर मला नवल वाटणार नाही. तिला पुन्हा समुद्र ओलांडायला लावू नकोस.

अनारशांचं वेगळं सांगते. खसखस सिंगापुरात परवानगीशिवाय नेता येत नाही, दुबईत तर सरळ बंदी आहे. अफूच्याच झाडाचं बी ना ते. तुम्ही सिंगापूरला फक्त विमान बदलणार, पण मला परदेशी पोलिसाला अनारसा समजावून सांगायची हौस नाही. अनारसे इथे करू, खसखशीविना. कळतंय मला, त्यांना अनारसे म्हणायचं का, हा प्रश्न आहे.

लक्ष्मीपूजनाची केरसुणी नाही. कार्डावर गवतकाडी असा शब्दच लिहिलेला आहे. पोळपाट-लाटणं चालेल, साल नको, कीड नको, आणि ‘लाकूड’पुढे हो. तुळस, बेल, दूर्वा नाही. बाबांनी हळूच विचारलं होतं, रोडग्यांसाठी चार गोवऱ्या आणू का? बाबा, २०२१ मध्ये भारतातून गेलेल्या एका बॅगेत वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर दोन गोवऱ्या सापडल्या. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्या नष्ट केल्या आणि वर जगभर बातमी दिली. आपल्या घराण्याचं नाव तशा बातमीत नको. रोडगे ओव्हनमध्ये करू.

त्या कार्डावर एक प्रश्न खास बाबांसाठी लिहिल्यासारखा आहे: गेल्या ३० दिवसांत शेतावर, गुराढोरांजवळ गेला होता का? निघायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही काटोलला बगिच्यात एक चक्कर टाकणारच, ती टाकल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही. जा, पण ‘हो’ लिहा, आणि ते बूट आणू नका. आणायचेच असतील तर टूथब्रशनं तळ घासा. आपली काळी माती कशी चिकटते ते यांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतील, कशासाठी आलात? तुमच्या व्हिसावर काम करायला मनाई आहे. आई, तू तिथे ‘पोरीच्या घरी कामाला मदत’ असं प्रामाणिकपणे सांगशील, आणि तो माणूस ‘काम’ हा एकच शब्द ऐकेल. नातवाला भेटायला आलो, एवढंच सांग. नातवाचं तू जे करणार आहेस त्याला हे सरकार काम समजत नाही, आपल्या घरातही कोणी कधी समजलेलं नाही. परतीचं तिकीट आणि आमचा पत्ता कागदावर छापलेला हाताशी ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथेच मरते, आणि पॉवर बँक तुम्ही मोठ्या बॅगेत टाकलेली असते. ती हातातल्या बॅगेतच लागते, मोठीत चालत नाही.

विमा काढायचाच. पाहुण्यांना इथली मेडिकेअर नाही आणि दवाखान्याचं बिल बघून माणूस पुन्हा आजारी पडतो. पण एजंटानं काही आजार आहे का विचारलं, की आई म्हणणार, ‘तसं मला काही नाही.’ बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, शुगर ‘जराशी’. इथेही ‘हो’च म्हणायचं. लपवलेल्या आजाराचे पैसे कंपनी देत नसते. आणि औषधं त्या स्टीलच्या डबीत सुटी आणू नकोस. पाकिटासकट, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, तीन महिन्यांपुरतीच. बाबांचा काढा आणि चूर्णही कार्डावर लिहायचं.

एकदा बाहेर पडलात की मग भीती नाही. दोन गोष्टी सांभाळा. वसंतात मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी अंडी राखायला मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. बाबा सकाळी फिरायला जाताना टोपी घालतील, टक्कल त्याला लांबून दिसतं. दुसरं समुद्राचं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं. या देशाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ ला इथून जवळच्या शेव्हिअट बीचवर पोहायला उतरले ते आजतागायत सापडले नाहीत. मग मेलबर्ननं स्मारक म्हणून त्यांचं नाव दिलं, ते पोहण्याच्या तलावाला! या लोकांचा विनोद असा आहे, सवय होते हळूहळू. काही अडलं-नडलं तर फोन ०००. झिरो माइलच्या गावची माणसं तुम्ही, तीन शून्यं काय विसरणार.

बाकी दादा-वहिनीला नमस्कार सांगा, पोट्ट्यांना पापा. नातू रोज विचारून राहिला, आजी किती वाजता येते.

तुमची
मोठी

ता. क. शेजारच्या काकू त्यांच्या मुलासाठी डबा देतील, तो नक्की देतील, दोऱ्यानं बांधून, वर कागद गुंडाळून. ‘उघडू नका, वास जातो,’ असंही सांगतील. त्यांच्यासमोर उघडा. बॅग स्वतः भरली का, असं विमानतळावर विचारतात, आणि आत काय आहे हे तुम्हाला पाठ हवं. आत लाडू असले तर चहाबरोबर तिथेच खाऊन टाका, त्यांच्या मुलाला मी इथे जेवायला बोलावते. आणि आई, सावजी मसाल्याची दोन पाकिटं आण, दळलेला, कंपनीचा, लेबलवाला. आधी ‘हो’वर खूण. मग कुत्रं येऊन बसलं तर बसू दे, तर्रीचा वास त्यालाही कळला तर काय बिघडलं.