मांडुळाचा भाव कोणी काढला?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या बाजार समितीत सोयाबीन आणले की भाव बोलीतून निघतो. ओल किती, माती किती, डाग किती, हे चारचौघांदेखत बघितले जाते. क्विंटलमागे पन्नास रुपये कमी पडले तर शेतकरी वाद घालतो आणि त्याने घालावाच. पण पेपरात ‘लाखोंचे मांडूळ जप्त’ असे छापून आले की कोणीच काही विचारत नाही. कोणत्या मोंढ्यात लागली ही बोली? माल कोणी घेतला? पैसे कोणी मोजले?

बोली लागलेलीच नसते. पकडलेला माणूस आकडा सांगतो, नाहीतर तपास करणारा अंदाज बांधतो. तो प्रेसनोटमध्ये जातो, तिथून मथळ्यात आणि मथळ्यातून गावोगाव. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात’ हे दोन शब्द पुढे लावले की पुरावा कोणी मागत नाही.

मांडूळ हा बिनविषारी साप. भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो, अंडी न घालता थेट पिल्ले देतो. त्याची शेपटी बोथट असते, म्हणून लोक तिला दुसरे तोंड समजतात. गुप्तधन दाखवण्याची, रोग बरे करण्याची कोणतीही शक्ती त्याच्यात नाही. शेतकऱ्याला त्याचा एकच खरा उपयोग आहे, तो म्हणजे कमी झालेले उंदीर. ती किंमत मात्र कोणत्याच बातमीत नसते.

डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ जप्तीच्या घटना मोजल्या. देशभरात १७२ निघाल्या. त्यांतल्या ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्वाधिक. २०२१ मध्ये यूट्यूबवर मांडूळ विक्रीची जाहिरात करणारे सुमारे २०० व्हिडिओही सापडले. जप्तीची ही मोजदाद माध्यमांतील बातम्यांवरून झाली, हे मुद्दाम सांगतो. बातमी आली नसती तर हा चोरटा धंदा दिसलाही नसता. म्हणून बातमी हवीच. त्यातली किमतीची ओळ नको. बातमीने चोर उघडा पडतो, पण त्या ओळीने कुठेतरी नवा चोर तयार होतो. दहावी झालेला, हाताला काम नसलेला पोरगा ती वाचतो आणि रात्री बॅटरी घेऊन बांधावर निघतो. पुढे साप पोत्यात जातो आणि पोरगा कोठडीत.

मग कोणी म्हणतो, एवढा भाव आहे तर पाळायलाच परवानगी द्या, चोरी आपोआप थांबेल. छापलेल्या आकड्यातून जन्मलेला हा युक्तिवाद फसवा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अशा पालनाला वाव देत नाही आणि त्यामागे कारण आहे. ज्या जिवाला खरे गिऱ्हाईक नाही, फक्त अंधश्रद्धेचे गिऱ्हाईक आहे, त्याचे फार्म काढले तर विकणार काय? अंधश्रद्धाच. शिवाय रानातून फुकट पकडलेला साप पाळलेल्या सापापेक्षा नेहमीच स्वस्त पडणार. फार्मचा कागद मग चोरीचा माल लपवायला कामी येईल.

ईमू आठवा. परदेशी पक्षी, आपल्या वन्यजीव कायद्याबाहेरचा, पाळायला मोकळा. जाहिरातींनी तेल, मांस, कातडे, सगळ्याला सोन्याचा भाव लावला. महाराष्ट्रातही शेड उभे राहिले. २०१२ मध्ये तमिळनाडूतील पेरुंदुराईची सुसी ईमू फार्म्स ही कंपनी कोसळली. तेव्हा कळले की खरा बाजार नव्हताच, नव्या गुंतवणूकदाराचा पैसा जुन्याला जात होता. जाहिरातीचे पैसे वसूल झाले होते. बुडाला तो शेतकरी आणि उपाशी राहिले ते पक्षी.

माध्यमांनी मनावर घेतले तर उलटेही घडते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी चीनने फार्मवरच्या वाघांची हाडे आणि गेंड्यांची शिंगे औषधासाठी वापरायला वाट मोकळी केल्याचे जाहीर केले. जगभर बातम्या झाल्या, टीका उसळली. दोन आठवड्यांत तो निर्णय पुढे ढकलावा लागला. आपल्याकडे मुंबईत २०११ मध्ये वनखाते, विद्या अत्रेय यांच्यासारखे अभ्यासक आणि नागरिक ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या उपक्रमात एकत्र आले. पत्रकारांशी बसून बोलले. त्यानंतर बिबट्याच्या बातम्यांचा सूर पालटला. ‘नरभक्षक’ आणि ‘दहशत’ यांच्या जोडीला कचरा, भटकी कुत्री आणि घ्यायची काळजी यांवर लिहिले जाऊ लागले. बिबट्या तोच होता. लिहिणाऱ्यांनी नीट माहिती घेतली होती.

हे मुंबईत जमले, तर हिंगोली जिल्ह्याच्या पानावर का जमू नये? तालुक्याच्या वार्ताहराला आणि पानावर बसणाऱ्या उपसंपादकाला माझी थेट विनंती आहे. मांडूळ, खवले मांजर, कासव पकडल्याची बातमी जरूर द्या. किंमत छापू नका. त्या जागेत कलम छापा, होणारी शिक्षा छापा. जप्त केलेला जीव रानात परत सोडला की डब्यातच मेला, ते विचारून छापा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक छापा. आणि वर्षभराने त्याच खटल्याचे काय झाले, ते शोधून पुन्हा छापा.

वाचकांचेही काम आहे. प्रेसनोटमधला आकडा जसाच्या तसा छापून आला, तर दुसऱ्याच दिवशी कार्यालयात फोन करा आणि विचारा की हा भाव कोणी काढला. सोयाबीनच्या पन्नास रुपयांसाठी जेवढ्या जोराने भांडतो, तेवढ्याच जोराने विचारा. दहा गावांतून असे दहा फोन गेले, तर ती ओळ छापण्याआधी संपादकाला विचार करावाच लागेल.