दहा फुटांच्या आत

जुन्या अल्बममध्ये एक गंमत हमखास आढळते. ज्यांच्यासाठी फोटो काढला ती माणसं अंधुक असतात आणि ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं त्या वस्तू लख्ख. चाळीच्या गॅलरीच्या टोकाचं पाण्याचं पिंप, त्यावरचं पोचे आलेलं झाकण, दोरीवरच्या लुगड्याचे काठ, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, सगळं कसं सुवाच्य. आणि ऐन मधोमध, मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली आजी मात्र पावसाच्या काचेपलीकडून कुणी जावं तशी. त्या पिंपाच्या डौलाकडे पाहिलं की वाटतं, फोटोग्राफर आपल्यासाठीच आलाय अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली असावी.

यात दोष हाताचा कमी, भिंगाचा जास्त. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत पोचलेला आग्फाचा क्लिक थ्री हा मोठा बाळबोध कॅमेरा होता. १२० नंबरचा रोल, त्यात १२ चौकोनी फोटो, आणि फोकस कारखान्यातच कायमचा ठरवून दिलेला. साधारण दहा फुटांपासून क्षितिजापर्यंतचं जग त्याला मान्य. त्याच्या आत येणाऱ्याला तो ओळख दाखवत नसे. सहलीत, गडाच्या बुरुजावर त्याचं उत्तम निभे. पण घरात उजेड नाही म्हणून फोटो गॅलरीत काढायचा, आणि गॅलरीची रुंदी जेमतेम चार फूट. काढणारा कठड्याला पाठ टेकून शक्य तेवढा मागं रेले, तरी कॅमेऱ्याला हवं तेवढं अंतर त्या घरात कुठल्याच दोन माणसांमध्ये नव्हतं. आपली माणसं अंधुक आली ती जवळ होती म्हणून. दूरचे नातेवाईक फोटोत इतके स्वच्छ कसे, हे कोडंही इथंच सुटतं.

फोकस चुकतो तेव्हा चेहरा पुसला जात नाही, तो वाटला जातो. प्रत्येक बिंदूची एक चकती होते. डोळ्याचा थोडा काळेपणा गालाकडे जातो, गालाचा उजेड ओठांवर सांडतो. ही वाटणी कशी झाली हे नेमकं ठाऊक असेल तर गणितानं ती उलटी फिरवता येते. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा जास्त सपाट घासला गेला होता. १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा बसवला. तोवर खगोलशास्त्रज्ञ हे उलटं गणित मांडून विखुरलेले तारे पुन्हा गोळा करत होते. तारे त्या मानानं सोपे. ते कडेवरच्या पोराला सावरत नाहीत, आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून ऐन वेळी हसून मान वळवत नाहीत. आजीच्या फोटोत भिंगाची चूक, आजीची हालचाल, फिल्मचे दाणे आणि अल्बमला लागलेली ओल यांचा हिशेब एकमेकांत असा मिसळला आहे, की तो सोडवायला गणिताकडे पुरेसा पुरावाच उरलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं म्हणून हिशेब करत बसत नाहीत, ती अंदाज बांधतात. चेहरे उजळणाऱ्या अशा बऱ्याच साधनांची शाळा एकच आहे: एनव्हिडिया कंपनीनं २०१९मध्ये खुला केलेला, फ्लिकरवरून जमवलेल्या ७०,००० चेहऱ्यांचा संच. अंधुक फोटो पाहून यंत्र स्वतःला विचारतं, कुठला स्वच्छ चेहरा धूसर केला तर असा दिसेल? उत्तरं पुष्कळ असतात. यंत्र त्यातलं एक शोभेलसं निवडतं आणि सांगताना जराही अडखळत नाही. २०२०मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ नावाच्या प्रणालीला कुणीतरी बराक ओबामांचा चौकड्यांत विरघळलेला फोटो दिला, तेव्हा तिनं एक नीटनेटका गोरा गृहस्थ काढून दाखवला. २०२४मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात खुनाच्या एका खटल्यात असं उजळवलेलं चित्रण पुरावा म्हणून पुढं आलं, तर न्यायाधीशांनी ते नाकारलं. अंधुकपणात एक सचोटी असते. आपल्याला काय माहीत नाही ते तो लपवत नाही.

माझ्या भाच्यानं आजीला या यंत्रातून काढलं. चहा निवायच्या आत एक बाई पडद्यावर आली. कोरीव भुवया, एकेक पापणी मोजून घ्यावी अशी, आणि त्वचेवर पाण्याच्या टंचाईची एकही खूण नाही. त्यानं ती मोठ्या उत्साहानं मावशीपुढं धरली. मावशीनं चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाली, “बाई चांगल्या घरची दिसते. कुणाकडची रे?”

“आजी, अगं ही तुझी आई!”

मावशीनं भिडेखातर पुन्हा एकदा पाहिलं. “असेल बाबा. आईच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत बसायला तेव्हा सवड कुणाला होती?”

मग ती आठवायला लागली, आणि तिच्या आठवणीत चेहरा असा आलाच नाही. आली ती कानाची पाळी, मंगळसूत्राचे काळे मणी, घामानं कपाळावरून किंचित ओघळलेलं कुंकू, आणि दळणाच्या पिठाचा वास. कडेवरच्या मुलाला आई अशीच दिसते, तुकड्या-तुकड्यांत. तेही दहा फुटांच्या आतलंच पाहणं, आणि त्या भिंगालाही अख्खा चेहरा धरता येत नाही. पुढं चाळिशी लागते, आपण हातातला कागद लांब धरायला शिकतो. पण तोवर जिला जरा लांब धरून नीट पाहावं, ती हातभर अंतरावरून कायमची लांब गेलेली असते.

यंत्रावर रागावावं तर भिंतीवरचे आजोबा आडवे येतात. त्यांचा एकट्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. ते गेल्यावर कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं डोकं तेवढं निवडून स्टुडिओवाल्यानं मोठं केलं, पेन्सिल चालवून सुरकुत्या काढल्या आणि खांद्यांच्या जागी ब्रशनं एक रुबाबदार कोट रंगवला. आजोबांनी हयातीत कोट घातला नव्हता. तरी वर्षानुवर्षं श्राद्धाला त्या कोटासकट त्यांना हार पडतो आहे, आणि धाकट्या मामांनी तर स्वतःच्या लग्नात ‘अण्णांसारखा’ म्हणून हुबेहूब तसाच शिवून घेतला. खोटा कोट अशा रीतीनं दुसऱ्या पिढीत खरा झाला.

तेव्हा नवी आजीही त्या कोटाशेजारी लागणार, असं मावशीनं ठरवून टाकलं. “आल्या-गेल्याला दाखवायला ही बरी,” ती म्हणाली, आणि अंधुक फोटो तिनं आपल्या पर्समध्ये सरकवला. उद्या भाच्याच्या घरी पाळणा हलेल. भिंतीकडे आणि पाळण्याकडे आळीपाळीनं बघत कुणीतरी म्हणेल, नाक अगदी खापरपणजीवर गेलंय हो. सत्तर हजार अनोळखी माणसांनी थोडं थोडं घालून घडवलेलं ते नाक तिथं खरोखर दिसूही लागेल. कारण बघणारे बाळाला मांडीवर घेऊन बघत असतील, आणि एवढ्या जवळून बघणाऱ्याला साम्य सापडलं नाही, असं आजवर कुठल्याच घरात झालेलं नाही.