परकीय चलन अधिभारास अनावृत पत्र

प्रति,
श्री. परकीय चलन अधिभार, ऊर्फ फॉरेक्स मार्कअप
मुक्काम : सेवाशुल्क पत्रकाची शेवटून दुसरी तळटीप
द्वारा : खातेदाराची बँक

विषय : परदेशगामी खातेदारांच्या डेबिट कार्डांवरील आपल्या अखंड वास्तव्याबद्दल कृतज्ञता, आणि काही नम्र विनंत्या.

महोदय,

सुट्टीच्या मोसमात मुंबई, पुणे वा नागपूर येथून बँकॉक, दुबई किंवा पॅरिसला निघणारे मराठी कुटुंब विमानतिकिटांचे दर चार संकेतस्थळांवर ताडून पाहते, हॉटेलची न्याहारी भाड्यात धरली आहे की नाही याची दोनदा खात्री करून घेते आणि बॅग अर्धा किलो जड भरली तर चकलीचा डबा बाहेर काढते. परंतु तेथे पोहोचल्यावर पैसे कोणत्या कार्डाने खर्च करायचे, हा प्रश्न मात्र पाकिटात आधीपासून जे कार्ड आहे त्यानेच सोडवला जातो. हिशेबी म्हणून नावाजलेल्या समाजाच्या या बेहिशेबी औदार्याचे प्रमुख लाभार्थी आपण असूनही आपला जाहीर सत्कार आजवर कोणी केलेला नाही, आणि ही उणीव काही अंशी भरून काढावी एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आपल्या कार्याची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी ते प्रथम विशद करणे उचित ठरेल. परदेशातील दुकानात डेबिट कार्ड वापरले की रक्कम तेथील चलनात नोंदली जाते. दुकानदाराची बँक आणि खातेदाराची बँक यांच्यातील व्यवहार जुळवून देणारी व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखी संस्था, जिला नेटवर्क म्हणतात, आपल्या त्या दिवसाच्या दराने त्या रकमेचे रूपांतर करते. आणि हे रूपांतर होऊन गेल्यावर आपले शुभागमन होते. भारतातील बहुसंख्य बँकांच्या डेबिट कार्डांवर आपले मान रकमेच्या साधारण २ ते ३.५ टक्के इतके असते, आणि आपण ‘सेवा’ या सदरात मोडत असल्यामुळे आपल्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांचे आपण खात्यातून वजा होताना ४.१३ टक्के झालेले असता. सहलीत कार्डाने दोन लाख रुपये खर्च झाले, तर ७,००० रुपये आपले आणि १,२६० रुपये आपल्यावरील कराचे मिळून ८,२६० रुपये होतात. चलनाच्या रूपांतराचे काम नेटवर्कने आधीच उरकलेले असताना आपण नेमकी कोणती सेवा बजावता, हा प्रश्न सभ्यतेला धरून नसल्याने तो येथे विचारलेला नाही.

आपल्या स्वभावातील सर्वांत थोर गुण म्हणजे प्रसिद्धीपराङ्मुखता. बँकेच्या माहितीपत्रकात विमानतळावरील मोफत विश्रामकक्षाला पानभर छायाचित्र मिळते, अपघात विम्याची रक्कम ठळक टाइपात छापली जाते, आणि आपण मात्र एका तारांकित वाक्यात अंग चोरून बसता. व्यवहारानंतर खातेदाराच्या फोनवर येणाऱ्या संदेशातही अनेकदा फक्त बाट किंवा युरोतील रक्कम असते. आपण कधी दरातच विरघळून जाता, तर कधी काही दिवसांनी खातेउताऱ्यावर वेगळ्या ओळीत प्रकट होता, जेव्हा कुटुंब घरी परतून छायाचित्रे पाहण्यात दंग असते. या विनयाचा परिणाम असा, की खातेदार कार्ड निवडताना जे दिसते त्याची तुलना करतो आणि जे खर्च होते त्याची करत नाही. विश्रामकक्षातील एक सँडविच आणि एक कॉफी यांसाठी त्याने ८,२६० रुपये मोजले, असे कोणी त्याला सांगितले तर तो ते हसण्यावारी नेतो.

आपल्या आप्तांचाही येथे उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्यांतील ज्येष्ठ म्हणजे परदेशी एटीएमवरील रोकड शुल्क. खातेदाराची बँक दर वेळी साधारण शंभर-दीडशे रुपये आणि त्यावरील कर घेते, ज्या बँकेचे यंत्र असते ती स्वतःचे शुल्क निराळे लावते, आणि या दोघांच्या मागोमाग आपणही रकमेच्या टक्केवारीने हजर होताच. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एटीएम एका वेळी दोनशेहून अधिक बाट आकारते. हे शुल्क रकमेवर अवलंबून नसल्यामुळे ते २२० बाट धरले, तर १,००० बाट काढणाऱ्याला २२ टक्क्यांना पडते आणि १०,००० बाट काढणाऱ्याला २.२ टक्क्यांना, म्हणजे जास्त रोकड जवळ नको म्हणून थोडी थोडी काढणारा सावध माणूसच या आप्ताचा सर्वांत उदार यजमान ठरतो.

परंतु घराण्यातील खरे बुद्धिमान अपत्य म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. दुकानातील कार्ड मशीन किंवा एटीएम खातेदाराचे कार्ड भारतीय आहे हे ओळखते आणि ‘रुपयांत भरणार की युरोत?’ असे अदबीने विचारते. रुपयांचा पर्याय निवडल्यास रूपांतर नेटवर्क नव्हे तर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा स्वतःच्या दराने करते, आणि तो दर नेटवर्कच्या दरापेक्षा बहुधा कित्येक टक्क्यांनी चढा असतो. परमुलखातील एसटी स्टँडवर ‘गाववाले’ अशी हाक मारून बॅग उचलणाऱ्या दलालासारखा तो आपलेपणाचाच मोबदला घेतो. आपल्याला मात्र या स्पर्धकाची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण व्यवहार रुपयांत झाला तरी दुकानदार परदेशातील असल्याने कित्येक बँका त्यावरही अधिभार लावतात, आणि अशा वेळी रुपयांत पैसे भरून चलनाची कटकट टाळणारा खातेदार दोन्ही बाजूंचा मान राखतो. पर्याय विचारणे हे नेटवर्कच्या नियमांनुसार दुकानदारावर बंधनकारक आहे, त्यामुळे पडद्यावर स्थानिक चलनाचे बटण दाबणे एवढ्याने हा सारा सोहळा रद्द होतो. ही माहिती फार पसरू नये, याची काळजी आपण आजवर घेतलीच आहे.

अलीकडे ‘शून्य मार्कअप’ असे कपाळावर मिरवणारी कार्डे काही बँकांनी आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या कंपन्यांनी बाजारात आणल्यामुळे आपल्या घरी चिंतेचे वातावरण असेल. तथापि शून्य हे फक्त आपल्या नावापुढचे असते. त्याच कार्डावर एटीएमचे शुल्क, वार्षिक शुल्क किंवा खात्यात ठरावीक शिल्लक ठेवण्याची अट यांपैकी काहीही शिल्लक असू शकते, आणि बँकेने नेटवर्कच्या दराऐवजी स्वतःचा दर लावला तर आपण नाव बदलून त्या दरातच बिऱ्हाड करू शकता. धोका संभवतो तो फक्त अशा खातेदाराकडून, जो कार्ड घेण्यापूर्वी ‘दर कोणाचा, त्यावर किती आणि रोकड काढली तर काय?’ असे प्रश्न विचारतो आणि उत्तरे लेखी मागतो. व्हिसा व मास्टरकार्ड आपले रोजचे दर स्वतःच्या संकेतस्थळांवर जाहीर करतात आणि त्यात बँकेची टक्केवारी घालून रक्कम काढण्याची सोयही देतात, त्यामुळे असा खातेदार उत्तरे पडताळूनही पाहू शकतो, ही बाब चिंताजनक आहे.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच विकत घेऊन भरून ठेवायचे कार्ड, हे आपल्यावरील रामबाण उपाय म्हणून सांगितले जाते, परंतु तेथेही आपली सोय उत्तम आहे. चलन भरतानाच्या विक्रीदरात विक्रेत्याचा नफा असतो; डॉलर भरलेले कार्ड बँकॉकमध्ये बाटसाठी वापरले की एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे शुल्क लागते, जे अनेक कार्डांवर पुन्हा साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते; आणि उरलेले डॉलर परत करताना खरेदीचा दर मिळतो, जो विक्रीदराहून कमी असतो. एकाच चलनाच्या देशात ठरावीक रक्कम खर्च करणाऱ्यास, आणि मधल्या काळात रुपया घसरण्याची धास्ती असणाऱ्यास हे कार्ड उपयोगी पडते. पाच दिवसांत तीन देश पाहणाऱ्याने ते घेतल्यास प्रत्येक सीमेवर आपली भेट निश्चित समजावी.

शासनानेही डेबिट कार्डधारकांकडे विशेष लक्ष पुरवलेले आहे. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशात पाठवण्याची वा खर्च करण्याची मुभा देणारी रिझर्व्ह बँकेची योजना उदारीकृत प्रेषण योजना, अर्थात एलआरएस, या नावाने ओळखली जाते. परदेशात डेबिट किंवा फॉरेक्स कार्डाने केलेला खर्च या योजनेत मोजला जातो, तर तेथे वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा खर्च त्यात आणण्याचा मे २०२३ मधील निर्णय पुढच्याच महिन्यात लांबणीवर पडला. एप्रिल २०२५ पासून वर्षभरात १० लाख रुपयांपुढे गेलेल्या अशा रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येत असला, तरी तोवर पैसा अडकून पडतो. सामान्य सहलीला ही मर्यादा शिवत नाही, त्यामुळे आपल्याइतकी लोकाभिमुखता या कराच्या वाट्याला आलेली नाही.

डेबिट कार्डाची प्रकृतीही आपल्या यजमानांनी ध्यानात घेतलेली बरी. हॉटेल किंवा भाड्याची मोटार घेताना संभाव्य नुकसानीपोटी जी रक्कम अडवून ठेवली जाते, ती क्रेडिट कार्डावर केवळ पतमर्यादेतून कमी होते, पण डेबिट कार्डावर बचत खात्यातील खरे पैसे गोठतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशापासून नवे कार्ड परदेशी वापरासाठी मुळात बंदच असते आणि खातेदाराने ते स्वतः सुरू करून मर्यादा ठरवायची असते. हे ज्याला बँकॉकच्या टॅक्सीत आठवते, त्याचे भारतीय सिम बहुधा बंद असते आणि ओटीपी त्या बंद सिमवरच येणार असतो. रुपेचे केवळ देशांतर्गत कार्ड सीमेपलीकडे बहुधा चालत नाही; त्याचे आंतरराष्ट्रीय भावंड डिस्कव्हर, डायनर्स क्लब व जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते. जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेचा वा खातेदाराचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर खातेदाराचे दायित्व शून्य असते. परंतु तोवर रिकामे झालेले असते ते त्याचेच खाते. यावरून पगाराच्या खात्याशी जोडलेले कार्ड घरी ठेवून, सहलीपुरतीच रक्कम भरलेल्या निराळ्या खात्याचे कार्ड नेण्याची जी अनिष्ट प्रथा सुज्ञ लोकांत पडू लागली आहे, ती आपल्या कानी आलीच असेल.

आता मूळ विनंत्या. युरोपीय संघाने २०१९ च्या एका नियमाने असे ठरवले, की कार्ड मशीनवर घरच्या चलनाचा पर्याय देताना तो युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या जाहीर संदर्भ दराहून किती टक्के महाग आहे हे ग्राहकाला आधी दाखवावे, आणि संघातील निराळ्या चलनात कार्ड वापरले गेल्यावर ग्राहकाच्या बँकेनेही ही टक्केवारी त्याला संदेशाने कळवावी. असा मापदंड भारतातही तयार आहे : फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था डॉलर, युरो, पौंड व येन यांचे रुपयांतील संदर्भ दर जुलै २०१८ पासून प्रसिद्ध करते, जे काम पूर्वी रिझर्व्ह बँक करत असे; आणि दुबईचा दिरहम एका डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरशी बांधलेला असल्याने त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. तेव्हा आपण तळटिपेतून उठून माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, विश्रामकक्षाच्या छायाचित्राशेजारी, संदर्भ दरावरील एकूण टक्केवारीच्या रूपात, करासह स्थानापन्न व्हावे. आणि प्रत्येक व्यवहाराच्या संदेशात रुपयांत दर्शन द्यावे. आपल्यासारख्या कर्तृत्ववानास लपून राहावे लागणे हा आपलाच अवमान आहे.

या विनंत्या मान्य होईपर्यंत खातेदारांनी काही गैरसोयीच्या सवयी लावून घेतल्यास आपण राग मानू नये. ते कार्डाचे रंग न पाहता करासह एकूण टक्केवारी विचारतील, दोन वेगवेगळ्या नेटवर्कची कार्डे दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवतील, निघण्यापूर्वी परदेशी वापर सुरू करून परतल्यावर बंद करतील, रोकड मोजक्या फेऱ्यांत काढतील आणि मशीनने काहीही विचारले तरी स्थानिक चलनच निवडतील. असे खातेदार आज संख्येने अल्प आहेत, त्यामुळे आपल्या उत्पन्नास तूर्त धक्का पोहोचत नाही. मात्र ते एकमेकांशी बोलतात, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

कळावे, लोभ आहेच. तो किती टक्के, एवढे जाहीर व्हावे.

आपला नित्य आश्रयदाता,
परदेशगामी खातेदारवर्ग

प्रत माहितीसाठी :
१. श्री. डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन : उत्तर स्थानिक चलनात द्यावे.
२. श्री. एटीएम शुल्क : प्रत एकाच फेरीत न्यावी.
३. व्यवस्थापक, मोफत विश्रामकक्ष : सँडविचच्या देयकासह.