कुरडया आणि कलम 324

(पोलीस ठाणे. भर दुपार. पंखा फिरतो आहे, वारा मात्र शेजारच्या टेबलाला.)

प्राध्यापक (इंग्रजीचे, निवृत्त): लिहा, हवालदारसाहेब. मिस्चिफ!

हवालदार: झालं काय ते तरी सांगा, सर.

प्राध्यापक: आमच्या हिने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. शेजारच्या कार्ट्याने नळाचा पाइप सोडला त्यांच्यावर. दोन दिवस गहू भिजवून, वाटून चीक काढला, आता पुन्हा सगळा चीकच!

हवालदार: खट्याळ असतात हो पोरं.

प्राध्यापक: खट्याळ हा अर्थ फार उशिरा चिकटला त्याला. शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला. 'शेफ' म्हणजे डोकं, टोक. ज्याचा शेवट वाईट, ते मिस्चिफ. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता संकट, अरिष्ट. 'अचीव्ह' त्याच घराण्यातला. काम तडीस गेलं की अचीव्ह, बोंबललं की मिस्चिफ!

हवालदार: म्हणजे एक भाऊ कलेक्टर झाला, दुसऱ्याला आम्ही सारखं बोलावून घेतो.

प्राध्यापक: वा! कॉलेजात भेटायला हवे होतात.

हवालदार: आमच्या मराठी पुस्तकात त्याला 'आगळीक' म्हणतात. आधी कलम 425 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 324. पण नुसती खोडी चालत नाही, सर. नुकसान करायचा इरादा पाहिजे, नाहीतर नुकसान होणार हे ठाऊक तरी पाहिजे.

प्राध्यापक: 1860च्या संहितेतलं उदाहरण वाचलंय का? एकाने दुसऱ्याच्या बर्फघरात पाणी सोडलं, बर्फ वितळला, ही आगळीक! मेकॉले इथे कायदा लिहीत होता तेव्हा बर्फ बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला यायचा. त्या बर्फाला कायदा आहे, आणि आमच्या कुरडयांना नाही?

हवालदार: आहे की. फार तर एनसी घेतो. आरोपीचं वय?

प्राध्यापक: सातवं चालू आहे.

हवालदार: (पेन खाली ठेवत) मग मिटलं. सात वर्षांच्या आतल्या पोराने काहीही केलं तरी तो गुन्हाच नाही. हेही तुमच्या जुन्या संहितेपासूनच.

प्राध्यापक: आणि सात पूर्ण झाल्यावर?

हवालदार: बारापर्यंत बघतात, केलेलं कळण्याइतकी समज होती का.

प्राध्यापक: त्याला? अहो, आधी जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घातली, मग पाइप सोडला! येत्या गुरुवारी वाढदिवस आहे त्याचा. शुक्रवारी हिला पुन्हा कुरडया घालायला सांगतो. पाइपही जवळच ठेवतो, त्याच्या हाताला येईल असा.

हवालदार: (पेन पुन्हा उचलत) सर, तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा.