कांदेनवमीचं फ्रेंच सूप

श्रीगोंदा तालुक्यात कांद्याबद्दल दोनच प्रश्न विचारायची रीत आहे. ‘भाव काय निघाला?’ आणि ‘चाळीत किती सडला?’ या दोन प्रश्नांवर लग्नाच्या मांडवापासून दहाव्याच्या घाटापर्यंत कुठेही, कुणाशीही, कितीही वेळ बोलता येतं. त्यामुळे पुण्याहून आलेल्या पुतणीनं आमच्या चाळीपुढं उभं राहून ‘काका, याचं सूप करू या का?’ असा तिसराच प्रश्न काढला, तेव्हा मला वाटलं की ही सडलेल्याबद्दलच बोलते आहे.

ती बोलत होती फ्रेंच अनियन सूपबद्दल. पुण्यातल्या एका हॉटेलात तिनं ते खाल्लं होतं. त्या एका वाटीचे जे पैसे तिनं सांगितले, त्यात भाव पडलेल्या साली आमच्याकडं गोणीभर कांदा येतो, आणि खाऊन झाल्यावर गोणी आपल्यालाच राहते.

मुहूर्त मात्र तिनं नकळत अचूक साधला होता. दुसऱ्या दिवशी आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. एकादशीला चातुर्मास लागला की आमच्या माळकरी आईचा कांदा, लसूण आणि वांगं चार महिने बंद. म्हणून नवमीला घरात कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी असा सगळा निरोपसमारंभ असतो. त्या यादीत हे फ्रेंच पाहुणं बसवायला आईची हरकत नव्हती. ‘करा काय करायचं ते. माझ्या भांड्याला अंडं लावू नका, म्हंजे झालं,’ एवढंच ती म्हणाली.

अंड्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न पुढं होता. पुतणीनं मोबाइलवर कृती वाचायला घेतली. कांदा, लोणी, थोडं पीठ, शिळा पाव, ग्रुयेर नावाचं स्विस चीज, पेलाभर पांढरी वाइन, आणि शेवटी गाईबैलाची हाडं तासन् तास उकळून काढलेलं पाणी. शेवटची ओळ मी तिला मनात वाचायला लावली. वाइनची म्हणाल तर तालुक्यात द्राक्षं आहेत, उसाला तर तोटाच नाही, तेव्हा मद्याबद्दल आमची तात्त्विक अडचण काहीच नव्हती. अडचण ओसरीवर तुळशीची माळ ओढत बसली होती.

पण या सूपचं कूळ वाचलं, आणि मला ते एकदम जवळचं वाटायला लागलं. हे हॉटेलवाल्यांचं खाणं नव्हेच. पॅरिसच्या मध्यावर ‘ले आल’ नावाचा मोठा घाऊक बाजार होता. त्याच्यावर एमिल झोलानं 1873 साली एक आख्खी कादंबरी लिहिली आणि त्याला पॅरिसचं पोट म्हटलं. तिथं रात्रभर गाड्या उतरायच्या, आणि पहाटे दमलेले हमाल हे सूप ओरपायचे. कांदा स्वस्त, पाव कालचा, वर चीजचा थर आणि खाली कढत पाणी. रात्रभर नाटक-नाच करून घरी निघालेली बडी मंडळीही त्याच टेबलांवर येऊन बसत. तिथं 1947 साली उघडलेलं ‘ओ प्ये द कोशों’ हे हॉटेल अजून हे सूप वाढतं. बाजार मात्र 1969 साली शहराबाहेर रुंजिसला गेला. आणि त्याच 1969 साली आपल्याकडं माथाडी-हमालांचा कायदा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण बाजार समितीत ज्याची हयात गेली त्याला अशी सनावळी सोडवत नाही.

फ्रेंचांना अर्थात एक राजाही लागतो. पोलंडची गादी गेलेला स्तानिस्लास हा पंधराव्या लुईचा सासरा. लेकीला भेटायला व्हर्सायकडं निघालेले हे सासरेबुवा वाटेत एका खाणावळीत उतरले, तिथं त्यांना कांद्याचं सूप इतकं आवडलं की ते अंगावरच्या झग्यानिशी थेट मुदपाकखान्यात गेले आणि कृती समजेपर्यंत चुलीपाशी डोळे पुसत उभे राहिले, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, लेकीच्या घरी जाताना वाटेतच जेवून घेणारा सासरा मला शहाणा वाटतो.

असो. कांदा आणायला पुतणी चाळीत गेली आणि एकसारखे, घट्ट मानेचे, तांबूस झाक असलेले एक नंबर कांदे ओंजळी भरभरून घेऊन आली. घरात शांतता पसरली. कांदा पिकवणाऱ्याच्या घरात एक नंबरचा कांदा खायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बाजारात जातो. घरी खायला गोल्टी, जोड कांदा आणि मोड फुटलेला. आमच्या अख्ख्या बालपणात मी गोल गरगरीत कांदा ताटात पाहिलेला नाही, तो गोणीच्या तोंडाशीच पाहिला. बायकोनं एक नंबरचे कांदे मुकाट्यानं परत ठेवले आणि जोड कांद्याची पाटी पुढं सरकवली. हमालांचं सूप म्हटल्यावर तेच रास्त होतं.

कांदा चिरताना डोळ्यांचं जे होतं त्याबद्दल मी लिहीत नाही. कांदा कुणाकुणाला रडवतो यावर आपल्याकडं दर वर्षी अग्रलेख निघतात. एवढंच सांगतो की हे पाणी काढणारं द्रव्य कांद्यात कसं तयार होतं याचा गुंता एका जपानी संशोधक गटानं 2002 साली उलगडला आणि त्याबद्दल 2013 साली त्यांना इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. म्हणजे जपान्यांचंही त्यावर हसूच झालं.

खरी परीक्षा पुढं. किलोभर उभा चिरलेला कांदा लोण्यावर टाकला आणि कृतीत लिहिल्याप्रमाणं दहा मिनिटं थांबलो. दहा मिनिटांत कांदा फक्त घामाघूम झाला. कृती लिहिणारे या बाबतीत सर्रास खोटं बोलतात, हे माझं ठाम मत आहे. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ते आहे तोवर कढईतली उष्णता 100 अंशांच्या फारशी वर सरकत नाही, आणि तांबूस रंग धरायला त्याहून जास्त लागते. ही रंग धरण्याची रासायनिक क्रिया मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली मांडली. पुतणी हे सगळं आजीला समजावून सांगत होती. ‘बाई, कांदा लाल झाला का न्हाई, ह्याला मास्तर कशाला लागतोय?’ म्हणून आईनं उलथनं तिच्या हातातून काढून घेतलं आणि गॅस बारीक केला. पाऊण तास ती कढईपाशी बसली. तोंडानं हरिपाठ, हातानं कांदा.

तेवढ्यात वासानं गल्ली जागी झाली. आमच्याकडं इतका वेळ कांदा भाजला जातो तो एकाच कारणासाठी. शेजारचे अण्णा दारातूनच म्हणाले, ‘माळकऱ्याच्या घरात? आन् एकादशी परवावर आली असताना?’ त्यांच्या आवाजात धक्का होता, हातात मात्र वाटी होती. सूप आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण वाटी त्यांनी परत नेली नाही.

हाडांच्या पाण्याचा तोडगा आईनंच काढला. हरभऱ्याची डाळ शिजवून निथळलेला कट तिनं त्या तांबूस कांद्यावर ओतला, मिरी आणि मीठ टाकलं, आणि वाइनच्या जागी श्रीगोंद्याचं लिंबू पिळलं. लिंबू शेवटीच पिळायचं, आधी पिळलं तर कांदा रंग धरायला आणखी वेळ लावतो. मग तिनं चव घेतली आणि म्हणाली, ‘ही तर कटाचीच आमटी. पुरणपोळी इसरलेत फ्रेंच.’

ओव्हन आमच्याकडं नाही. बेकरीतले टोस्ट सूपवर ठेवले, त्यावर बाजारात मिळालं ते चीज किसलं, आणि वर ताटली झाकून तिच्यात बंबाखालचे निखारे ठेवले. चीज वितळलं, कडेनं करपलं, थोडी राखही आत गेली. पुतणी म्हणाली, ‘स्मोकी फ्लेवर.’ अण्णा म्हणाले, ‘राख आहे ती.’ दोघांनीही वाटी चाटूनपुसून संपवली. आईनं टोस्ट बाजूला सारून त्यात भाकरी चुरली, आणि इतकं मन लावून जेवली की फ्रेंचांनी ते पाहायला हवं होतं.

माझा निकाल असा, की पदार्थ उत्तम आहे. फक्त रात्री खर्च लिहायला बसलो तेव्हा दिसलं की लोणी, चीज आणि टोस्टचे पैसे झाले, गॅस गेला तो वेगळाच, आणि या सगळ्यात स्वस्त वस्तू होती ती कांदा. सूपला नाव त्याचं आणि पैसे चीजवाल्याला.

तेव्हा करून बघायचं असेल तर चौघांना किलोभर उन्हाळी गावरान कांदा घ्या, पावसाळी लाल घेऊ नका. पाऊण तासाची तयारी ठेवा, घाईला जागा नाही. आणि कांदा घेताना किलोमागं दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. चीजच्या दुकानात तुम्ही ती करत नाही.